पडद्यामागचे मास्तर

आज सकाळी पोदेर, म्हणजे आमचा गोव्यातला पाववाला, दारात आला, भोंगा वाजवला, उंडे मोजून पिशवीत टाकले आणि सुटे पैसे परत देता देता म्हणाला, "तुमचो टीव्ही काळो पडलो म्हूण आयकलें. मास्तरान बरो केलो न्हय?"

मास्तरांनी बरा केला! म्हणजे बातमी आता पोदेराच्या सायकलवर बसली. पोदेराच्या सायकलवर बसलेली बातमी नऊच्या आत म्हार्दोळच्या बाजारात उतरते, आणि एकदा का ती जायांच्या माळा विकणाऱ्या बायकांपर्यंत गेली की मग प्रत्यक्ष महालसेने येऊन साक्ष दिली तरी कुणी बदलायचं नाही. म्हणून खरा प्रकार लिहून ठेवतो. निदान लेखी तरी माझी बाजू असू दे.

इंटरनेटवरची नाटकं-सिनेमे दाखवणारी, टीव्हीच्या मागे खोचायची ती काडी. दुकानदार तिला स्टिक म्हणतो, आई पेनड्राइव्ह म्हणते. शनिवारी रात्री ती व्यवस्थित चालत होती, रविवारी सकाळी पडदा काळा. 'नो सिग्नल' अशी पाटीही नाही. पाटी आली असती तर बरं, निदान टीव्ही काही बोलला असता. इथे टीव्हीचं म्हणणं असं की सिग्नल येतोय, पण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. (हे आजकालच्या बहुतेक मालिकांबद्दल खरं आहे, पण तो विषय वेगळा.) काडी हाताला गरम लागत होती. ती मी पहिल्यापासून वेगळ्या अडॅप्टरवरच चालवतो. टीव्हीच्या मागच्या यूएसबीतून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो आणि हिला एक लागतो, एवढं मला ठाऊक आहे. काढून लावली, पुसून लावली, टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय खाचेत लावली. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते, तेव्हा त्या एचडीएमआयच्या एकोणीस पिनांपैकी एखादीने मान टाकली असेल म्हणून कोरड्या फडक्याने हलकेच साफ केलं. काळोख तसाच.

श्रावणातला आयतार. पूजा आटोपली होती, हळदीच्या पानांतल्या पातोळ्या मोदकपात्रात होत्या, आणि दुपारी आईला एक नाटक बघायचं होतं. अशा मुहूर्तावर मास्तर आले. आले होते पातोळ्यांसाठी.

मास्तरांबद्दल सांगायला हवं. त्यांनी मला तिसरीत शिकवलं. शिकवताना मराठी आणि चिडले की कोंकणी, हा त्यांचा तेव्हापासूनचा नेम. पण गावात मास्तरांना मान आहे तो शाळेमुळे नाही. ते जत्रेच्या नाटकातले प्रॉम्प्टर. आमच्याकडे जत्रा म्हणजे रात्री नाटक, आणि नाटक म्हणजे आमच्या वाड्यावरची, वस्तीतलीच माणसं. राजा सुपारीचं कुळागर सांभाळतो, सेनापती कदंबच्या बसवर कंडक्टर, राजकन्या पंचायतीत कारकून. पाठांतराला वेळ कुणाला आहे? त्यामुळे मास्तर विंगेत बसून अख्खं नाटक एकट्याने करायचे आणि रंगमंचावरची मंडळी त्याला हातवारे पुरवायची. शेवटच्या रांगेतल्या माणसाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, आधी मास्तरांचं, मग राजाचं. एकदा राजा मरून पडला तरी मास्तर थांबले नाहीत. त्यांनी त्याचं उरलेलं पान वाचून दाखवलं आणि मेलेल्या राजाने आडव्यानेच माना डोलावल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे प्रेक्षक तसे सोसणारे आहेत.

मास्तरांची दुसरी विद्या म्हणजे अँटेना. देशात 1982 साली रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि त्यानंतर कधीतरी आमच्या वाड्यावर पहिला टीव्ही आला. कौलांवर चढून ती अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांची अँटेना फिरवायला पाय न घसरणारा माणूस लागे. ते मास्तर. खालून आम्ही मुलं "आयलें! गेलें! आयलें!" असं ओरडायचो. तेव्हापासून टीव्हीचा कुठलाही आजार हा दिशेचा आजार आहे, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

"काडीची दिशा चुकली आहे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, ही वायफायवर चालते."

"वायफायलाही दिशा असतेच की. हवेतून येतं ना?"

यावर काय बोलणार. खरं सांगायचं तर वायफाय भिंतींना अडतं हे खरंच आहे, आणि आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड. पण वायफाय अडलं तर पडद्यावर निदान गोल फिरत राहतं, पडदा काळा होत नाही. मी हे समजावून सांगायला तोंड उघडलं तोवर मास्तर टीव्हीच्या मागे शिरलेसुद्धा.

मग मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. सूर नको तेवढा वेळ वाजला. शेवटी एक मुलगी आली. आवाज गोड, हिंदी स्वच्छ.

"सर, आपको स्क्रीन पर क्या दिखाई दे रहा है?"

"कुछ नहीं."

"काळोख म्हण!" टीव्हीच्या मागून मास्तर.

"काळोख… मतलब अंधेरा."

"सर, पूरा अंधेरा है या बीच में कुछ लिखा है?"

"संपूर्ण! संपूर्ण म्हण! ठासून!"

"संपूर्ण अंधेरा है," मी ठासून म्हणालो. मास्तरांच्या आवाजात काही असं आहे की माणूस पुढे आपोआप बोलतो. सेनापतीचा दोष नव्हता, हे मला त्या क्षणी पटलं.

"सर, आपके साथ और कोई है?"

"मास्तर हैं."

"टेक्निशियन हैं?"

"नहीं, प्रॉम्प्टर हैं."

पलीकडे कीबोर्डची टकटक. "सर, प्रॉम्प्टर का मॉडल नंबर बताएँगे?"

मला हसायला हवं होतं. हसू आलं नाही, कारण तिने लगेच पुढचं वाक्य टाकलं: "सर, अब आप सेटिंग्ज में जाइए."

"कहाँ?"

"स्क्रीन पर, सर. ऊपर दाहिनी तरफ़."

मी तिला पुन्हा सांगितलं की स्क्रीनवर काही नाही. ती म्हणाली, समजलं सर, तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आता सेटिंग्जमध्ये गेल्यावर 'डिव्हाइस' निवडा. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घ्यावं, तशी या लोकांनी सगळी दुरुस्ती त्या पडद्याच्या आत ठेवली आहे. पडदा गेला की दुरुस्तीही गेली.

"कितें म्हणटा ती?" मास्तर आता कोंकणीवर आले होते, म्हणजे चिडले होते.

"सेटिंग्ज उघडा म्हणते."

"तिका सांग, पयलीं पडदो उगड, मागीर प्रवेश!"

हे मात्र मला तिला हिंदीत सांगता आलं नाही. अजून रुखरुख आहे.

पुढे तिला काडीचा अनुक्रमांक हवा झाला. तो सेटिंग्जमध्ये असतो, ती म्हणाली. नसेल तर काडीच्या पाठीवर छापलेला असतो. असतो खरा, काळ्या प्लास्टिकवर राखाडी रंगात, खसखशीला चष्मा लागावा इतक्या बारीक टाइपात. मास्तरांनी पंचांग वाचायचं भिंग खिशातून काढलं. ते वाचणार, मी फोनवर बोलणार. खरं म्हणजे आमची नेहमीचीच रंगभूमी.

"जी!" मास्तर.

"जी," मी.

"जी फॉर?" ती.

"गणपती!" मास्तर थेट तिलाच. "पुढें शून्य. ना ना, ओ. ओ… मंगळसूत्रांतलो मणी आसा मरे हो!"

"सर, ज़ीरो या ओ?"

"गोल आहे," मी म्हणालो.

"एम फॉर म्हार्दोळ!"

"सर, एम फॉर क्या?"

"म्हार्दोळ! म्हालसेचें देवूळ! कोण गे तूं, केन्ना येवंक ना हांगा?"

ती बिचारी कुठल्या शहरात बसली होती कुणास ठाऊक. गोव्यात आली असेलही, पण म्हार्दोळला कशाला येईल. गोव्यात येणारे समुद्र बघून परत जातात, आमच्या तालुक्याचा चेहरा त्यांना विमानतळावरच्या पोस्टरवरही दिसत नाही. मास्तर मात्र तिला देवळाची दीपमाळ किती उंच आहे ते सांगू लागले. मी फोन काढून घेतला. आकडा एकदाचा लागला. टकटक. मग ती म्हणाली, "सर, आपकी वॉरंटी समाप्त हो चुकी है." पण नवीन मॉडेलवर मला सवलत मिळेल, हे तिने न विचारता सांगितलं, आणि या वेळी तिच्या आवाजात पहिल्यांदाच घाई नव्हती.

इथे मला खरोखर राग आला, आणि अजून आहे. ही काडी माझ्या पैशाने घेतलेली, माझ्या विजेवर चालणारी. ती रात्री मला न विचारता स्वतःची सुधारणा करून घेते आणि सकाळी काळं तोंड दाखवते. का बिघडलीस, असं विचारायला गेलो तर वॉरंटी संपली. हप्ते मात्र सुरू. एका ठिकाणी मराठी नाटकं, दुसरीकडे क्रिकेट, तिसरीकडे मुलांची कार्टून. प्रत्येकाचं वेगळं वर्गणीपत्रक, आणि ठरल्या तारखेला प्रत्येकजण खात्यातून आपापले पैसे कापून घेतो. पैसे कापल्याचा मेसेज कधी काळा आलेला नाही, तो स्पष्ट अक्षरांत येतो. पूर्वी टीव्हीला वरून एक थाप मारली की निदान आपण काही केल्याचं समाधान मिळायचं. या काडीला थाप कुठे मारणार? ती हरवेल.

बंगळुरूला असलेल्या पुतणीला फोन केला. तिने दोन कारणं सांगितली. एक म्हणजे, काडी आणि टीव्ही चित्र दाखवण्याआधी आपसांत ओळख पटवतात. मधून कुणी चोरून उतरवून घेऊ नये म्हणून ही व्यवस्था, तिचं नाव एचडीसीपी. ओळख पटली नाही की पडदा काळा. म्हणजे पैसे भरणारा मी आणि संशयही माझ्यावरच. सिनेमा चोरणारे ते कुठूनतरी चोरतातच, त्यांच्या घरी कुठला पडदा काळा होत नसेल. दुसरं, सुधारणेनंतर काडी कदाचित आमच्या जुन्या टीव्हीला न झेपणारं चित्र पाठवत असेल. "काका, रिमोटवरचं वरच्या बाणाचं आणि रिवाइंडचं बटण एकदम दाबून पाच सेकंद धर. ती एकेक रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारीकपणा, बदलून दाखवेल. चित्र दिसलं की मधलं बटण दाब."

हे त्या गोड आवाजाच्या मुलीने का नाही सांगितलं? तिच्या समोरच्या कागदावर हे पान नसेल. तिलाही कुणीतरी प्रॉम्प्टर असणारच, तो झोपला असेल.

मी बटणं दाबून धरली. आता मास्तर कुठे होते? टीव्हीच्या मागे. काडीबरोबर जी वीतभर जोडवायर येते तिच्या टोकाला काडी लटकवून, भिंतीला डोकं टेकून, ते दिशा शोधत होते. त्यांना बटणांबद्दल काही माहीत नाही. मला त्यांच्याबद्दल काही सुचेना.

पडदा लुकलुकला.

"आयलें!" आई ओरडली. काय ही स्मरणशक्ती.

मास्तरांनी काडी जराशी डावीकडे नेली. त्याच क्षणी काडीने पुढचं रिझोल्यूशन धरलं आणि पडदा काळा.

"गेलें!"

मास्तरांनी काडी परत उजवीकडे आणली. पडदा पुन्हा उजळला.

"आयलें!"

"कोणेंच हालूं नाका!" मास्तर मागून गरजले. मी मधलं बटण दाबलं. चित्र थांबलं. अक्षरं फुगलेली, माणसं जराशी जाड, पण चित्र. आईने तिथूनच हात जोडले. माझ्याकडे बघून नाही. टीव्हीच्या मागून मास्तर बाहेर आले, केसांत कोळ्याचं जाळं, चेहऱ्यावर रंगभूमी गाजवल्याचं तेज. मी रिमोट उंच करून सगळ्यांना दाखवला, बटणं दाखवली, पुतणीचं नाव घेतलं. आई म्हणाली, "हो हो, तूही दाबत होतास." आणि सगळ्यांत मोठी पातोळी मास्तरांच्या पानात गेली.

नाटक सुरू झालं. मास्तर पहिल्या अंकापासून प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणत होते. त्यांना ते पाठ आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाही बसलो नसतो. पोदेर गेल्यावर अर्ध्या तासाने मास्तरांचा नातू आला. देवळाजवळच्या डॉक्टरांकडे टीव्हीवर मुंग्या येतात, मास्तरांना बोलावणं आहे, तर ती जोडवायर द्या. डॉक्टरांचा टीव्ही डिशवर चालतो, त्याला या वायरीचा काडीइतकाही उपयोग नाही, हे मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "आज्यान सांगलां, घेवनूच यो." आणि आईने वायर काढून दिलीही. आमच्या टीव्हीची मागची खाच अशी अरुंद आहे की वायरीशिवाय काडी आत बसत नाही, त्यामुळे ती आता टेबलावर आडवी पडली आहे.

दुपारी नातू परत आला. हात रिकामे.

"आजो विचारता, हाचे परस लांब आसा काय? ही मात्शी आखूड पडटा म्हणटा."