दिवसाचा वास आमचा, रात्रीचा तुमचा

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. या वेळी पाठवणारे वरच्या मजल्यावरचे काका. माणूस भला आहे, पाण्याची टाकी धुवायच्या दिवशी स्वतः गच्चीवर उभा राहणारा. मेसेज असा:

"आधी एमआयडीसी आली, मग झोपड्या आल्या. स्वतःहून चिमणीखाली जाऊन बसायचं आणि मग धुराच्या नावाने बोंब मारायची! कारखाने बंद पडले तर खाणार काय? खरं प्रदूषण गाड्यांचं आहे, एक्यूआय बघा. मोर्चे काढणारे बाहेरचे असतात. तक्रार करायला सरकारी यंत्रणा आहे, रस्त्यावर कशाला? पटलं तर पुढे पाठवा."

पाठोपाठ पाच अंगठे. मी आता नवी मुंबईत, कोपरखैरण्यात राहते, पण वाढले दिघ्याच्या वर, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी. आई अजून तिथल्याच खोलीत आहे. म्हणजे हा मेसेज माझ्या दोन्ही घरांना लागू होतो. तेव्हा एकेक वाक्य घेते.

"आधी एमआयडीसी आली." नाही, आधी गावं होती. दिघा, रबाळे, गोठिवली, घणसोली, पावणे, तुर्भे ही आगरी-कोळ्यांची गावं, त्यांची भातखाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी. एमआयडीसी हे महामंडळच 1962 सालचं आणि ठाणे-बेलापूर पट्टा त्यानंतरचा. "आधी कोण" हाच न्याय लावायचा असेल तर कारखान्यांनीच सामान बांधायला हवं. झोपड्यांचं म्हणाल तर माझे आजोबा 1972 च्या दुष्काळात जालन्याकडून आले आणि इथल्या खाणीवर दगड फोडायला लागले. ती खडी कुठे गेली? रस्त्यांत आणि इमारतींच्या पायांत. पुढे वडील त्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागले, रोजावर. त्या रोजात परवडेल असं घर कोणी बांधलं होतं का? वास येतो म्हणूनच तिथलं भाडं कमी असतं आणि भाडं कमी असतं म्हणूनच तिथे माणसं राहतात. याला "स्वतःहून" म्हणायचं असेल तर म्हणा.

आता कायद्याचं. हा युक्तिवाद काकांच्या आधी बऱ्याच जणांनी करून पाहिला आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांबद्दल आणि दारूच्या कारखान्यातून येणाऱ्या घाण पाण्याबद्दल तक्रार केली, तेव्हा नगरपालिकेचं म्हणणं होतं की हे लोक सगळं माहीत असून तिथे राहायला गेले, त्यांना तक्रारीचा हक्क नाही. शिवाय आमच्याकडे पैसे नाहीत. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी नगरपालिकेला काम करायलाच लावलं. त्याही आधीचं उदाहरण लंडनचं आहे. एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वीसहून अधिक वर्षं धडधडत होते, शेजारच्या डॉक्टरने नंतर त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. 1879 मध्ये निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. उशिरा आलेल्यालाही श्वास घ्यायचा असतो, एवढी समज दीडशे वर्षांपूर्वीच्या कोर्टाला होती.

"कारखाने बंद पडले तर खाणार काय?" हा प्रश्न काकांपेक्षा आईला जास्त कळतो, माझा भाऊ अजून त्याच पट्ट्यात कामाला आहे. वस्तीच्या एकाही निवेदनात "कारखाना बंद करा" असं वाक्य नाही. मागणी एवढीच आहे की स्क्रबर रात्रीही चालू ठेवा. स्क्रबर म्हणजे चिमणीच्या आधी बसवलेला धुण्याचा मनोरा. गॅस त्यातून जातो, वरून कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणाचा फवारा पडतो, आंबट आणि घाण वासाचे गॅस त्यात धरले जातात. त्याला वीज लागते, कॉस्टिक लागतं, म्हणजे पैसे लागतात. रात्री कोणी बघत नाही, म्हणून ते वाचवायचा मोह होतो. आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कितीतरी जुने कारखाने खरोखरच बंद झाले, त्यांच्या जागी काचेचे आयटी पार्क उभे राहिले. ते मोर्च्यांमुळे झालं असं कोणी म्हणतं का? जागेचा भाव वाढला की मालकाला नोकऱ्यांची आठवण येत नाही. डोंबिवलीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, त्यांत कामगार गेले. कामगाराची काळजी असेल तर तिथून सुरुवात करता येईल.

"खरं प्रदूषण गाड्यांचं, एक्यूआय बघा." इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण यात अर्धं खरं आहे. धूळ आणि काजळीत गाड्यांचा, खाणींचा, एपीएमसीच्या घाऊक बाजारातल्या ट्रकांचा, बांधकामांचा मोठा वाटा आहे. पण एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, मोजतो काय? आठ गोष्टी: दोन प्रकारचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. सडक्या अंड्याचा वास ज्याचा येतो तो हायड्रोजन सल्फाइड या यादीत नाही. कुजक्या कोबीसारखी घाण मारणारे मर्कॅप्टन नाहीत, नेलपॉलिशसारखा वास देणारे सॉल्व्हंटही नाहीत. मोबाइलवर हिरवा आकडा आणि नाकात अंडं, हे एकाच वेळी सहज शक्य आहे. उलट ज्या मोजमापात औद्योगिक पट्टे धरले होते, त्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात नवी मुंबई आणि डोंबिवली, दोन्ही 70 च्या वर, म्हणजे "अतिप्रदूषित" गटात होत्या.

आईच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांनी वासाच्या नोंदींची वही ठेवली आहे. दोनशे पानी, वर गणपतीचं चित्र. शाळा चौथीपर्यंत, अक्षर मोठं. एक नोंद जशीच्या तशी: "मंगळ रात्र 1.40. अंडं. झेंडा खाडीकडे. पोरगा खोकला." झेंडा म्हणजे चढावरच्या देवळाचा. वारा कुठे जातो हे त्यांना त्यावरून कळतं, यंत्र लागत नाही.

मी पहिल्यांदा वही पाहिली तेव्हा म्हटलं, मावशी, हा खाडीचा वास असेल. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यालाही अंड्यासारखाच वास येतो, गॅस तोच. मावशी हसल्या. त्यांचं माहेर कोळीवाड्यातलं. म्हणाल्या, "ओहोटी रोज पाऊण तासाने पुढं जाते गं, ही कुठं जाते?" घरी येऊन भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी सरकते. मावशींच्या नोंदी सरकत नव्हत्या. त्या रात्री एक ते तीनमध्येच अडकलेल्या होत्या, उधाणाची भरती असो की भांगाची लहान भरती. चंद्र पाळ्या करत नाही, पाळ्या कारखान्यात असतात.

आणि पैंजण. मावशींचे चांदीचे पैंजण महिन्याभरात काळे पडतात, दात घासायच्या पावडरीने घासले तरी पुन्हा काळे. सोनाराने विचारलं, राहता कुठे? पत्ता सांगितल्यावर त्याने मान डोलावली. चांदीला हायड्रोजन सल्फाइड लागला की वर सल्फाइडचा काळा थर धरतो. गटाराच्या गॅसनेही धरतो, तेव्हा पैंजण घेऊन कोर्टात जाता येणार नाही, हे मलाही कळतं. पण गाडीच्या धुराने पैंजण असे महिन्यात काळे पडत असते, तर हायवेवरच्या बायकांचे आधी पडले असते.

वहीतला झेंड्याचा रकाना मात्र काकांनी नीट वाचावा. आपल्याकडे पावसाळा सोडला तर दिवसा वारा खाडीवरून डोंगराकडे वाहतो आणि रात्री जमीन गार झाली की उलटा, डोंगराकडून खाडीकडे. कारखाने मध्ये, वस्त्या वर पायथ्याशी, वाशी-कोपरखैरणे खाली. म्हणून दिवसाचा वास आमच्या आईकडे जातो आणि रात्रीचा तुमच्या बेडरूममध्ये येतो. थंडीत गार हवा खाली बसते, धूर वर जात नाही, मग तर रात्रभर मुक्काम. मेसेज टाकल्यानंतर नऊ दिवसांनी, रात्री 1.52 ला, त्याच ग्रुपवर काकांनीच विचारलं होतं: "कोणाला गॅसचा वास येतोय का? सिलिंडर तपासा." सगळ्या बिल्डिंगने सिलिंडर तपासले. त्या रात्री मावशींच्या वहीत 1.40 ची नोंद आहे. वर दिलेली, तीच.

आणि वास जाणवत नाही म्हणजे धोका टळला, असंही नाही. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाक बधिर होतं. उल्हासनगरला 2014 च्या नोव्हेंबरात टँकरने वालधुनी नदीत रसायन ओतलं आणि शेकडो लोक दवाखान्यात गेले.

"मोर्चे काढणारे बाहेरचे." आमच्या मोर्च्यात मावशी असतात आणि आई असते. पुढे.

"तक्रार करायला सरकारी यंत्रणा आहे." आहे, आणि आम्ही तिचंच दार वाजवतो. मी स्वतः केलेल्या एका तक्रारीचं सांगते. रात्री दोनला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन केला, कोणी उचलला नाही. सकाळी ऑनलाइन तक्रार. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मंडळाचे साहेब आले, वास नव्हता, तसा शेरा मारून गेले. नंतर पत्र आलं: कोणत्या प्लॉटमधून वास येतो ते तक्रारदाराने नमूद करावं. रात्री दोनला, अंधारात, कंपाउंडच्या बाहेरून! आमचा माणूस आत डोकावला तर वॉचमन हाकलतो आणि न डोकावता प्लॉट नंबर सांगा.

इतरत्र तरी यंत्रणा कशाने हलली? 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या एमआयडीसीतली कुत्री निळी झाली, त्यांचे फोटो जगभर गेले, मग रंगाच्या कारखान्याला टाळं लागलं. तिथल्या कासाडी नदीचं दुखणं मच्छीमार त्याच्या किती आधीपासून सांगत होते. नदी निळी झालेली चालते, कुत्रा निळा झाला की बातमी होते. उल्हास आणि वालधुनीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टात, गेलं ते वनशक्ती या संस्थेने नेलं म्हणून. रस्त्यावर माणसं दिसल्याशिवाय फाइल वर येत नाही, हा आमचा हट्ट नाही, अनुभव आहे.

तरीही कागदाचा मार्ग आम्ही सोडलेला नाही, आणि ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रदूषण करू शकणारा कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यात सांडपाणी किती, चिमणी किती उंच, कोणती यंत्रणा चालू ठेवायची, हे सगळं लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्याची प्रत मागता येते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. (आमचा पहिला अर्ज चार पानांचा होता, गोड शब्दांत परत आला.) प्रत हातात आली की वही आणि संमतीपत्र शेजारी ठेवायचं. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये, वकील नसला तरी चालतो. फक्त घटना घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून वहीतल्या तारखा महत्त्वाच्या.

त्या वहीत एक खोट आहे. सगळ्या नोंदी डोंगराच्या बाजूच्या. झेंडा खाडीकडे असतो तेव्हा वासाचा मुख्य लोट वस्तीच्या उलट दिशेला गेलेला असतो, मावशींपर्यंत येते ती नुसती कड. खालच्या बाजूला वही कोणाकडेच नाही. मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं तेव्हा अंगठे पडले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी काकांनी जिन्यात थांबवून विचारलं, "नक्की काय काय लिहायचं असतं?" तारीख, वेळ, कसला वास, वारा कुठून, घरात कोणाला काय झालं, असे पाच रकाने आखून दिले. झेंड्याऐवजी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर बघा म्हटलं.

काकांच्या आतापर्यंत तीन नोंदी आल्यात. तिसरीत वाऱ्याची दिशा लिहायची राहिली आहे.