रिपोर्ट नॉर्मल, म्हणून दुखणं खोटं?

फिरत फिरत तो मेसेज माझ्याकडेही आला. पाठवणाऱ्या आत्याने खाली हात जोडलेले. मजकूर असा: ‘फायब्रोमायल्जिया म्हणजे मनाचे खेळ. रिपोर्ट नॉर्मल येतात. काल हसतखेळत असलेली बाई आज अंथरुणात कशी? व्यायामाला लागा, पंधरा दिवसांत पळेल.’

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहणारा, थकवणारा आजार; मला तो आहे. रिपोर्ट नॉर्मल येतात, खरंय. त्या तपासण्या थायरॉइड, संधिवात असं दुसरं काही नाही ना, हे बघायला असतात. अर्धशिशी तरी रक्तात कुठे दिसते? निदान लक्षणांवरून होतं. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघत, त्यातल्या ११ दुखायला हव्यात. २०१० च्या निकषांत ते दाबणं गेलं आणि थकवा, झोप, विसरभोळेपणा यांची मोजदाद आली.

आता ‘मनाचे खेळ’. २००२ मध्ये संशोधकांनी अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूचे स्कॅन काढले. निरोगी माणसाला जो दाब जेमतेम जाणवत होता, त्याच दाबाला रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग पेटत होते. २०२१ मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या, तर उंदीरही दाबाला आणि थंडीला हळवे झाले. उंदरांना मनाचे खेळ कोणी शिकवले, ते आत्यालाच विचारायला हवं. मूळ कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही, हे मान्य. पण कारण कळलं नाही म्हणून दुखायचं थांबत नाही.

काल बरी, आज आडवी: हो, तसंच असतं. आठ तास झोपून उठले तरी कोणीतरी रात्रभर कुटून काढल्यासारखं अंग. टूथपेस्टची ट्यूब दाबायला अंगठा तयार नसतो, आणि दुपारी त्याच हाताने मी पिशवी उचलून आणते. परवा किल्ली हातात धरून ‘ते... दाराचं... ते’ एवढंच म्हणत उभी होते. शब्द आलाच नाही. बरं वाटलं की साचलेली कामं एका दमात उपसायचा मोह होतो. मग दोन दिवस त्याची वसुली.

व्यायामाचं मात्र अर्धं बरोबर. २०१७ च्या युरोपीय शिफारशींत सगळ्यात ठाम शिफारस व्यायामाचीच आहे, औषधांचीसुद्धा तेवढी नाही. चूक आहे ती पंधरा दिवसांत आणि ‘लागा’ यात. मी लागले होते. पहिल्याच दिवशी अर्धा तास चालले आणि चार दिवस पडून राहिले. मग पाच मिनिटांपासून सुरुवात केली. चार महिने झाले, सध्या बारा मिनिटांवर आहे.