निवृत्त रोमन सैनिकाच्या ‘सात खुणा’ आणि त्यातल्या थापा

‘निवृत्त रोमन सैनिक कसा ओळखावा : सात खुणा’ असं एक फॉरवर्ड सध्या फिरतंय. घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलं, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण परवा फ्रँकफर्टहून धाकट्या बहिणीनं तेच पाठवलं आणि खाली लिहिलं, “दादा, शाळेत रोमन दिवस आहे, लेकाला याच्याबरहुकूम तयार करतेय.” आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

वाचलं नसेल तर थोडक्यात: दंडावर एसपीक्यूआर (‘रोमची सिनेट आणि जनता’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरं) गोंदलेलं; जखमा फक्त छातीवर, पाठीवर कधीच नाहीत; उंची सहा फूट; दाढी गुळगुळीत; अंगात लाल अंगरखा; भेटला की उजवा हात ताणून ताठ सलाम; आणि स्वभावानं शिस्तीचा, मितभाषी, दुर्बळांचा कैवारी. खाली ‘प्रत्येक मुलाला हे ठाऊक हवं’.

आधी तो सलाम, कारण त्याची घाई आहे. रोमन सैनिक असा सलाम करत असे, असं सांगणारा एकही रोमन मजकूर नाही. भाषण करताना हात उंचावलेले सम्राट शिल्पांत दिसतात, तेवढंच. ताठ हाताची ही पोज लोकांच्या डोळ्यांत भरली ती झाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराच्या 1784 सालच्या चित्रामुळे. त्यात तीन भाऊ तलवारींकडे हात पसरून शपथ घेतात. पुढे नाटक-सिनेमावाल्यांनी ती उचलली, 1919 मध्ये फ्यूमे शहरात दानुंत्सिओ या इटालियन कवीनं वापरली, त्याच्याकडून मुसोलिनीच्या लोकांनी घेतली आणि मग हिटलरच्या. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86 अ खाली हा सलाम आज गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. भाच्याला कोणी कोर्टात उभं करणार नाही, पण शाळेतून बोलावणं नक्की आलं असतं. ‘ऐतिहासिक माहिती’ म्हणून पोरांना हे शिकवणाऱ्याला काय म्हणावं?

आता सगळ्यात हास्यास्पद मुद्दा: ‘पाठीवर वण कधीच नाही’. इसवी सन 14 मध्ये सम्राट ऑगस्टस वारला आणि ऱ्हाइन नदीवरच्या पलटणींनी बंड केलं. त्यांची समजूत घालायला सेनापती जर्मानिकस आला. पुढचं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. म्हाताऱ्या शिपायांनी मुका घ्यायच्या निमित्तानं त्याचा हात धरला आणि त्याची बोटं स्वतःच्या तोंडात घातली. कशासाठी? दात उरले नाहीत, नुसत्या हिरड्या आहेत, हे त्याच्या हाताला कळावं म्हणून. काहींनी वाकलेले हातपाय दाखवले. तो बोलायला लागला तेव्हा त्यांनी कपडे बाजूला सारून लढाईतले वण दाखवले, आणि त्यांच्याबरोबर फटक्यांचे वळही. हे फटके शत्रूचे नव्हेत, त्यांच्याच अधिकाऱ्यांचे.

त्याच वर्षी डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातही बंड झालं. तिथे लुसिलियस नावाचा सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक होता. द्राक्षवेलीची छडी शिपायाच्या पाठीवर मोडली की तो ओरडून दुसरी मागायचा, मग आणखी एक. त्यावरून शिपायांनी त्याचं नावच ‘दुसरी आण’ असं पाडलं होतं. बंडात त्याला मारून टाकलं. नियमानं वीस वर्षांची नोकरी, पण तीस-चाळीस वर्षं राबवून घेतात आणि शेवटी जमीन म्हणून दलदल नाहीतर खडकाळ डोंगरउतार गळ्यात मारतात, ही त्यांची तक्रार. टॅसिटसनं हे सुमारे शंभर वर्षांनी लिहिलं आणि भाषणं त्यानं स्वतः रचली, हे मान्य. पण तो सिनेटर होता, बंडखोर शिपायांचा त्याला काडीचा पुळका नव्हता. तरीही बोळकं आणि वळ त्यानं लिहिलेच.

शिवाय अंगावरची खूण म्हणजे लढाईच असंही नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या 103 सालच्या एका पपायरसवर सहा नव्या रंगरुटांची नोंद आहे. वय वीस ते पंचवीस. एकाच्या डाव्या भुवईवर खूण, एकाच्या डाव्या हातावर, एकाच्या कपाळाच्या उजव्या बाजूला. उरलेल्या तिघांच्या अंगावर काहीच नाही. हे भरतीच्या वेळचं! लढाई अजून पाहायचीच होती.

गोंदणाचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. साम्राज्याच्या उतरत्या काळात लिहिणारा व्हेजिशियस म्हणतो की रंगरुटाला आधी सरावात पारखून घ्यावं, लगेच गोंदू नये. 398 सालच्या एका कायद्यात शस्त्रकारखान्यातल्या कामगारांच्या दंडावर रंगरुटांसारखीच खूण करायला सांगितलंय. म्हणजे गोंदत होते. पण त्यात एसपीक्यूआर लिहीत, असं कुठेही नाही. ते आलं 2000 सालच्या ‘ग्लॅडिएटर’मधून, जिथे नायक ती अक्षरं खरवडून काढतो. सिनेमा झकास होता, म्हणून तो पुरावा होत नाही.

उंची? 367 सालच्या कायद्यानं पाच फूट सात इंच पुरे धरली होती, आणि रोमन फूट आपल्यापेक्षा लहान. हिशेब साधारण 165 सेंटिमीटरवर येतो. दाढी? हेड्रियन सम्राटानंच ठेवली, मग फॅशनच झाली. लाल अंगरखा? इजिप्तच्या विणकरांना सैन्यासाठी पांढऱ्याची ऑर्डर गेल्याचा कागद आहे. पुढे चला.

पोशाखावरून ओळखायचंच असेल तर पायांकडे बघा. नीरोच्या काळातल्या पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’ या कादंबरीत एक तोतया कमरेला तलवार लटकावून हिंडतो. खरा शिपाई त्याला अडवतो, कुठली पलटण, कुठली तुकडी विचारतो. तो धडाधड थापा मारतो. मग शिपाई म्हणतो, तुमच्या सैन्यात पांढऱ्या सपाता घालून फिरतात का? आणि तलवार काढून घेतो. पण हे नोकरीतल्या शिपायाचं झालं. निवृत्त झाल्यावर कोण रोज सैन्यातले खिळ्यांचे जोडे घालतंय?

‘दुर्बळांचा कैवारी’ वाचून तर कपाळावर हात मारला. ब्रिटनमध्ये 49 साली कॅमुलोडूनम, म्हणजे आजचं कोल्चेस्टर, इथे निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. त्यांनी स्थानिकांना घरांतून, शेतांतून हुसकलं, वर त्यांना कैदी आणि गुलाम म्हणून हिणवलं. हेही टॅसिटसच सांगतो. बूडिका या स्थानिक राणीच्या उठावात ती वसाहत जळाली. आणि मितभाषी? इजिप्तमधल्या फायूमच्या गेमेलस या निवृत्त सैनिकाची पत्रं वाचा. खत कुठे टाकायचं, नांगरट कधी करायची, सूचनांवर सूचना. एका पत्रात तो आपल्या माणसाला झापतो, कारण गावात कामाची दहा जनावरं असताना त्यानं डुकराची पिल्लं चालवत नेली आणि दोन दमून मेली. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या जमीनदाराचं पत्र वाटावं.

खरं तर रोमनांनाच चेहऱ्यावरून ओळख पटत नव्हती. परप्रांतीय दलांतल्या शिपायाला पंचवीस वर्षांनी नागरिकत्व मिळे, तेव्हा हवा असल्यास कांस्याच्या दोन पत्र्यांवर कोरलेला दाखला घेता येई, त्यावर सात साक्षीदारांचे शिक्के. लीजनमधल्यांना, म्हणजे रोमन नागरिकांच्या मुख्य पलटणींतल्यांना, तोही सहसा नसे. इसवी सन 150 मध्ये दहाव्या लीजनमधून सुटलेल्या बावीस जणांनी सिरिया पॅलेस्टिना प्रांताच्या गव्हर्नरकडे अर्ज केला: आम्ही इजिप्तला घरी निघालोय, आरमारातून नव्हे, लीजनमधून निवृत्त झालो, असं लिहून द्या. मूळ भरती आरमारातली असल्यानं आपल्याला आरमारातलेच धरतील, अशी त्यांना धास्ती होती. गव्हर्नरनं उत्तर दिलं की लीजनच्या निवृत्तांना असा कागद द्यायची पद्धत नाही, पण तुमची इच्छा आहे तर देतो.