झोंबली ती टिंगल

‘शंभर पावलं’ (२०००) या इटालियन सिनेमावरच्या लेखात म्हटलंय, की त्याचं बळ माफियाविरुद्ध उभ्या राहिलेल्या पेपिनोच्या धाडसात आहे. अर्धंच खरं. माफिया डॉन तानो बादालामेंतीला झोंबली ती पेपिनोने रेडिओवर केलेली टिंगल: सिसिलीतल्या चिनिझी गावाचं ‘माफियोपोली’, तानोचं ‘तानो सेदूतो’, म्हणजे बसलेला तानो. आपल्या सोलापुरी बोलीतलं ‘काय बे तानो’च! इटलीत १९७६ च्या न्यायालयीन निकालाने स्थानिक खासगी रेडिओला वाट मिळाली, म्हणून १९७७ मध्ये पेपिनोचा ‘रेडिओ आउत’ निघू शकला. लेखात हे हवं होतं.

सोलापुरात रेडिओवर अशी टिंगल जमणार नाही. सामुदायिक रेडिओला, म्हणजे संस्थेने चालवलेल्या छोट्या स्थानिक केंद्राला, १०० वॅट ईआरपी (प्रक्षेपणाची ताकद) आणि ३० मीटर उंच अँटेनापर्यंत परवानगी. शहरात जुळे सोलापूर ते बाळे आरामात ऐकू येईल. पण बातम्या फक्त आकाशवाणीच्याच. कुणी भूखंड लाटला म्हणालात, की परवाना धोक्यात.