उलटलेला ट्रक आणि पराक्रम पदक : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे. त्यातला प्रश्न मात्र अनेक घरांतला आहे, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुमचे सासरे तोफखान्यात ड्रायव्हर होते. कारगिल युद्धात, जून 1999 मध्ये, द्रासच्या रस्त्यावर रात्री दारूगोळा नेताना ट्रक उलटला, मांडीचं हाड मोडलं आणि एक पाय कायमचा आखूड झाला. पुढे सेवा पूर्ण करून घरी येताना रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीवेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, 30 टक्के अपंगत्व दिलं. त्याची पेन्शन चालू आहे, पण पराक्रम पदकाचा अर्ज परत आला. 'अपघातातल्या जखमेला हे पदक नाही' हे माझं वाक्य तुम्हाला झोंबलं. 'इंदुरात पंख्याखाली बसून कोणाचं रक्त लाल ते ठरवू नका,' असं तुम्ही सुनावलंत.

रक्ताचा हिशोब या पदकाच्या नियमात नाहीच. 1973 साली ते 'वूंड मेडल' म्हणून सुरू झालं आणि निकष एकच ठेवला : शत्रूच्या थेट कारवाईत झालेली जखम, मग मोहीम युद्धाची असो की बंडखोरीविरोधी. जखम किती मोठी, माणूस किती वर्षं लंगडतो, हे त्यात येत नाही. त्यामुळे खांद्याला छर्रा चाटून गेलेला जवान पात्र ठरतो आणि ट्रकखाली पाय चिरडलेला ठरत नाही. मलाही हा निकष अरुंद वाटतो. पण अर्ज तपासणाऱ्या बाबूला निकष बदलता येत नाही. त्याच्यासमोर जो कागद आहे त्यावर काय लिहिलंय, एवढंच तो बघतो.

आणि तुमच्या बाबतीत खरी मेख तिथेच आहे. द्रासवरची शिखरं घ्या : तोलोलिंग 13 जूनला ताब्यात आलं, टायगर हिल 4 जुलैला. तोवर वरच्या शिखरांवरून खालचा महामार्ग शत्रूला उघडा दिसत होता आणि त्यावर नेम धरून तोफा डागल्या जात होत्या. म्हणूनच गाड्या रात्री, दिवे बंद करून चालत. आता ट्रक का उलटला? जवळ गोळा फुटला, हादऱ्याने किंवा तो चुकवताना गाडी कड्यावरून गेली, तर ती शत्रूची थेट कारवाई म्हणता येते आणि पदकाची बाजू उभी राहते. दिवे बंद होते म्हणून वळण दिसलं नाही, तर कारण शत्रूच, पण 'थेट' या शब्दावर अर्ज अडकतो. ब्रेक निकामी झाले असतील, तर पदकाचा विषयच संपला. 'रस्त्यावर गोळे पडत होते' असं तुम्ही लिहिलंय. ते महिनाभर पडतच होते. त्या रात्री, त्या वळणावर पडत होते का, हे कागदात हवं.

कागद कोणते? युनिटने भरलेला इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-2006, आणि त्यावर कमांडिंग ऑफिसरचा शेरा. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष. युनिटने वर पाठवलेला कॅज्युअल्टी सिग्नल, म्हणजे जखमी झाल्याचा तातडीचा संदेश. सेवा-नोंदीत ही घटना चढली तो आदेश, पार्ट टू ऑर्डर. शेवटी रिलीज बोर्डाचा फॉर्म, एएफएमएसएफ-16. घोळ बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत होतो. दाखल करून घेणारा डॉक्टर घाईत 'रस्ता अपघात' लिहितो. त्याचं काम हाड सांभाळायचं असतं, पदकाचं नव्हे. मग तोच शब्द डिस्चार्ज स्लिपवर, तिथून बोर्डावर उतरत जातो, आणि सिग्नलमधला 'शेलिंग' हा शब्द फाइलमध्ये तसाच पडून राहतो. म्हणून नुसता बोर्डाचा कागद जोडून अर्ज करणं म्हणजे स्वतःविरुद्धचाच पुरावा जोडणं.

हे कागद माहिती अधिकारात मागा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आहे (मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला). फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ऑफिस नाशकात आहे म्हणून मराठीत लिहू नका. अर्ज जिथून करता तिथली राजभाषा, हिंदी किंवा इंग्रजी, एवढंच कायद्यात चालतं, आणि इंदुरातून ते हिंदी-इंग्रजीच. सही सासऱ्यांचीच हवी. जावयाने केला तर 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' म्हणून परत येतो. 'माझे सर्व कागद द्या' असं मोघम न लिहिता वरची नावं एकेक लिहा, सोबत आर्मी नंबर, तेव्हाचं युनिट, घटनेची तारीख. वॉर डायरी मागू नका, सुरक्षेच्या कलमाखाली सगळाच अर्ज लटकेल. 'कागद नष्ट केले' असं उत्तर आलं, तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा.

महूच्या मिलिटरी हॉस्पिटलमधून नवा एक्स-रे काढून आणण्याचा खटाटोप मात्र करू नका. हाड वाकडं जुळलंय एवढंच त्यात दिसेल, कशामुळे मोडलं ते नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज पुढे धाडू शकतं, निर्णय त्यांच्या हातात नाही. त्यापेक्षा त्या रात्री शेजारच्या सीटवर किंवा मागच्या गाडीत असलेल्या सहकाऱ्याचं शपथपत्र लाखमोलाचं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, जी माझ्या मते पदकापेक्षा महत्त्वाची आहे. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात जखमांचे ए ते ई असे वर्ग आहेत. ड्युटीवरचा अपघात 'सी'मध्ये येतो. युद्ध, सीमेवरच्या चकमकी, सुरुंग हे 'ई'मध्ये. आणि त्याच 'ई'त शेवटी 'सरकारने खास अधिसूचित केलेल्या मोहिमा' असा एक तुकडा आहे. ऑपरेशन विजय, म्हणजे कारगिलची मोहीम, त्यात बसतं, आणि तिथे 'थेट कारवाई' हा शब्द नाही. म्हणजे पदकाला नापास झालेली दिवे बंद असल्याची हकिकत इथे कामाला येऊ शकते. हमखास नाही, खातं बहुधा 'अपघात' म्हणून नाकारेल आणि भांडावं लागेल.

फरक किती? मूळ वेतन 40,000 धरा. 30 टक्के अपंगत्व राउंडिंगने 50 टक्के धरलं जातं. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते लागू असल्याचं सुप्रीम कोर्टाने 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात मान्य केलं. साधा अपंगत्वाचा भाग 6,000 रुपये होतो, युद्ध-जखमेचा 12,000, वर महागाई भत्ता. 'स्पर्श' या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, उघडून आधी एवढं बघा : 30 लिहिलंय की 50? अजून 30 असेल, तर राउंडिंगचा अर्ज वेगळा आणि आजच करा. तो वर्गाच्या भांडणात मिसळू नका, नाहीतर सोपं काम अवघड कामामागे खोळंबेल.

वर्ग बदलण्याचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला. नकार आला की अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं जबलपूर खंडपीठ. पेन्शन दर महिन्याची असल्याने उशिराची सबब तिथे सहसा आड येत नाही, पण थकबाकी अनेकदा अर्ज दाखल करण्याआधीच्या 3 वर्षांपुरतीच दिली गेली आहे. म्हणजे रेंगाळलेला प्रत्येक महिना मागच्या बाजूने गळू शकतो. पदकाला असा दरमहा नवा हक्क निर्माण होत नाही, तिथे इतक्या वर्षांच्या उशिराचं कारण द्यावंच लागेल. म्हणून क्रम असा ठेवा : राउंडिंग, मग कागद, मग वर्ग, आणि कागदात 'शेलिंग' सापडलं तरच पदकाचा अर्ज पुन्हा.

नाशिक रोडहून कागद आले की इंज्युरी रिपोर्ट आणि सिग्नल, ही दोन पानं मला मेल करा. आर्मी नंबर आणि बँक खातं झाकून पाठवा, आणि इथे प्रतिक्रियेत चिकटवू नका.