वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला? बोट ट्रेलरच्या फॉरवर्डला उत्तर

स्नॅपर माशाचा हंगाम जवळ आला की मेलबर्नमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: बोटीचा ट्रेलर रस्त्यात मोडला तर पैसे विसरा. वॉरंटी वर्षाची, ती संपली की कंपनीचा संबंध संपला. चाकं खाऱ्या पाण्यात बुडवलीत की वॉरंटी तशीही बाद. डीलर फक्त विकतो, जबाबदारी कंपनीची, आणि कंपनी बसलीय चीनमध्ये. सेकंडहँड घेतला असेल तर बोलूच नका. तेव्हा लगेच वेल्डिंग करून घ्या, जमलं तर बिल पाठवून बघा आणि इन्शुरन्स काढून मोकळे व्हा. वकिलाच्या नादी लागू नका.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्यावर येतोच. बाकीच्यांवर विश्वास ठेवून माणसं हक्काचे पैसे सोडून देतात.

आधी वॉरंटीचं बघू. ऑस्ट्रेलियन ग्राहक कायदा १ जानेवारी २०११ पासून लागू आहे. कंपनी देते ती वॉरंटी वेगळी आणि कायदा देतो ती हमी वेगळी. कायद्याची हमी सांगते की माल स्वीकारार्ह दर्जाचा असला पाहिजे: ज्या कामाला तो सर्रास वापरतात त्या कामाला योग्य, निर्दोष, सुरक्षित आणि टिकाऊ. किती वर्षं टिकाऊ? कायद्यात आकडा नाही. मालाचा प्रकार, किंमत, विकताना काय सांगितलं गेलं, हे सगळं बघून समंजस गिऱ्हाईक जेवढी अपेक्षा ठेवेल तेवढी. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) ट्रेलरचा सांगाडा चौदाव्या महिन्यात मोडावा, अशी अपेक्षा ठेवून कुणी पाच-सहा हजार डॉलर मोजत नाही. ही हमी कुठल्याही अटी-शर्तींनी काढून टाकता येत नाही. गंमत म्हणजे तसं वाक्य वॉरंटीच्या कागदावर छापणं कंपनीला सक्तीचं आहे. ते तुमच्याच ड्रॉवरमध्ये पडलेलं असणार, काढून वाचा. काउंटरवरचा माणूस ‘वॉरंटी संपली, आता तुम्हाला काही हक्क नाही’ असं म्हणाला, तर ग्राहकाला हक्कांबद्दल चुकीचं सांगणं हाही याच कायद्याचा भंग आहे.

आता खारं पाणी. बोटीचा ट्रेलर रॅम्पवरून पाण्यात जाणारच. त्याचं कामच ते. समुद्रावर वापरायचा म्हणून विकलेल्या ट्रेलरला ‘समुद्राचं पाणी लागलं’ हे कारण पुरत नाही. पण फॉरवर्डमधलं अर्धं खरं वाक्य हेच. माल गैरवापराने बिघडला, किंवा तो बिघडू नये म्हणून साधी काळजीही घेतली नाही, तर कायद्याची हमी तुमच्या कामी येत नाही. हायवेवरून तासभर आलेले चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसवलेले मधले भाग, तापलेले असतात. तसेच थंड पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी झिजलेलं असेल तरी पाणी ओढून घेते. मग ग्रीस पांढुरकं होतं, बेअरिंग गंजतं आणि एके दिवशी चाक जॅम होतं. ग्रीस कधी बदललं याची एकही पावती नसलेला माणूस बेअरिंगचा दावा घेऊन गेला, तर मीही कंपनीच्याच बाजूने उभा राहीन. गोड्या पाण्याने धुणं, वेळेवर सर्व्हिस आणि त्याच्या पावत्या, एवढं आपल्याकडून हवं.

दुसरा धोका वजनाचा, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखच नाही. ट्रेलरच्या प्लेटवर एटीएम (ॲग्रिगेट ट्रेलर मास) म्हणून आकडा असतो. ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून एकूण किती भार चालेल, त्याची ती मर्यादा. आपण बोट आणि इंजिन मोजतो. टाकीतलं पेट्रोल, बॅटऱ्या, नांगर, बर्फाने भरलेला एस्की, म्हणजे थंडपेटी, विसरतो. शंभर लिटर पेट्रोलच पंचाहत्तर किलोच्या आसपास भरतं. कंपनीचा पहिला बचाव ‘जादा भार’ हाच असतो. नेहमीचं सामान भरून एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जा आणि पावती जपून ठेवा. हा बचाव तिथेच संपतो.

‘लगेच वेल्डिंग करून घ्या, बिल पाठवा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. एका मित्राचा ट्रेलर मेलबर्नजवळच्या हेस्टिंग्जच्या रॅम्पवरून परतताना बसला. स्प्रिंगचे पाटे धरणारा हँगर सांगाड्यापासून सुटला, एक बाजू खाली आली आणि बोटीचा तळ मडगार्डवर घासून फाटला. टो ट्रकवाला म्हणाला, माझ्या ओळखीचा वेल्डर आहे, संध्याकाळपर्यंत करून देईल. मित्र हो म्हणणारच होता. तो तुटका हँगर मी हातात घेऊन पाहिला. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळपट-तांबूस होता आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूत उमटतात तशा बारीक वळ्या होत्या. उरलेला भाग राखाडी, दाणेदार, ताजा. म्हणजे भेग बरेच दिवस वाढत होती; त्या दिवशी फक्त शेवटचा तुकडा तुटला. वेल्डच्या कडेला भेगेच्या आतही जस्ताचा थर दिसत होता. गॅल्वनाइज करताना ट्रेलर वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त भेगेत शिरलं असेल तर भेग त्याआधीची, म्हणजे कारखान्यातलीच. खाऱ्या पाण्याचा, खड्ड्याचा, जादा भाराचा सगळा वाद त्या नखाएवढ्या जागेत मिटू शकतो. त्यावर ग्राइंडर फिरवला की पुरावा गेला.

म्हणून ट्रेलर मोडला की सुरक्षित जागी न्या आणि फोटो काढा: लांबून, जवळून, बाजूला पट्टी ठेवून. प्लेटचाही फोटो हवा. तुटलेली तोंडं एकमेकांवर बसवून पाहू नका, ब्रशने घासू नका, कोरडी ठेवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. मग विक्रेत्याला लेखी कळवा आणि तपासायला वाजवी मुदत द्या. बिघाड किरकोळ असेल, तर विक्रेत्याने नकार दिल्यावर किंवा चालढकल केल्यावर बाहेरून दुरुस्त करून खर्च वसूल करता येतो. आधी दुरुस्ती आणि मग बिल हा क्रम दावा लंगडा करतो. बिघाड मोठा असेल, आणि ट्रेलर असुरक्षित असणं हा मोठाच बिघाड, तर निवड तुमची: ट्रेलर परत करून पैसे किंवा बदली घ्या, नाहीतर तो ठेवून कमी झालेल्या किमतीची भरपाई घ्या.

डीलर आणि चीनचं कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. परतावा, बदली, दुरुस्ती हे विक्रेत्याकडे मागायचं. ‘कंपनीकडे जा’ म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. दोष कारखान्याचा असेल तर डीलरला त्याचे पैसे कंपनीकडून वसूल करायचा हक्क कायद्यानेच दिलाय, तेव्हा त्याची फार कणव नको. कंपनीवर थेट दावा होतो तो पैशांचा: कमी झालेली किंमत आणि सहज अंदाज करता येईल असं इतर नुकसान. बोटीचा फाटलेला तळ आणि टो ट्रकचं बिल त्यात बसतं. वाया गेलेल्या रविवारचे पैसे मागून मात्र हसं करून घेऊ नका. आणि चीनमधल्या कंपनीचं इथे ऑफिसच नसेल, तर माल आयात करणाराच कायद्याच्या नजरेत उत्पादक ठरतो. तो मात्र इथेच सापडतो.

सेकंडहँडचं दोन ओळीत. व्यापाऱ्याकडून घेतला असेल तर हमी लागू, फक्त वय आणि किंमत बघून अपेक्षा कमी. खाजगी माणसाकडून घेतला असेल तर त्या माणसावर ही दर्जाची हमी नाही; पण पहिल्या ग्राहकाकडून माल विकत घेणाऱ्यालाही उत्पादकावर दावा करता येतो. हे बऱ्याच डीलरांनाही माहीत नसतं.

इन्शुरन्स जरूर काढा, पण झीज, गंज आणि सदोष बांधणी बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते. बोटीच्या नुकसानीचे पैसे विमा कंपनीने दिलेच, तर ती ते उत्पादकाकडून वसूल करू शकते, आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलेला एक्सेसही त्यात मागता येतो. म्हणून उत्पादकाने ‘सदिच्छा म्हणून’ अर्धी रक्कम पुढे केली, तर सोबतचा कागद नीट वाचा. त्यात ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील, तर सही केल्यावर उरलेल्या पैशांवर पाणी.

राहता राहिला वकील. आधी पत्र, मग व्हिक्टोरियाचं ग्राहक खातं, तिथे तडजोड झाली नाही तर व्हीकॅट, म्हणजे राज्याचं न्यायाधिकरण. तिथे अशा दाव्यांत बहुतेक लोक आपली बाजू स्वतःच मांडतात. एसीसीसीकडे, म्हणजे देशपातळीवरच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाकडे, तक्रार नोंदवता येते, पण ती संस्था एकेकाचं भांडण सोडवत नाही, त्यामुळे तिच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. परवा कुणीतरी त्याच फॉरवर्डखाली ‘दोन वर्षांत ग्राहक मंचात जायला हवं’ अशी भर घातली होती. दोन वर्षांची मुदत भारतातल्या २०१९च्या कायद्याची. इथे उत्पादकावरच्या या दाव्याला दोष कळल्यापासून, किंवा कळायला हवा होता तेव्हापासून, तीन वर्षं मिळतात.