पुन्हा लिहिते होण्याचा निर्धोक मार्ग

एके काळी आपण लिहीत होता. दोन-चार कविता, एक अर्धी कथा, एका नियोजित कादंबरीचे शीर्षक आणि तिची अर्पणपत्रिका एवढा ऐवज आजही कोठेतरी शाबूत असेल. मग खंड पडला, आणि आता कोणा हितचिंतकाने आपल्याला सांगितले आहे की रोज दहा मिनिटे मुक्तलेखन केले, म्हणजे मनाला येईल ते न थांबता कागदावर उतरवले, की सुटलेली सवय पुन्हा जडते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल. परंतु हा मार्ग दिसतो तितका निरुपद्रवी नाही. पुरेशी काळजी न घेता तो अवलंबल्यास त्यातून खरोखरच लेखन घडण्याचा संभव असतो. तो प्रसंग टाळून 'मी पुन्हा लिहू लागलो आहे' हे समाधान मात्र पुरेपूर पदरात पडावे, यासाठी दीर्घ अनुभवाच्या आधारे चार शब्द सांगत आहे.

पहिली अडचण अशी, की ही पद्धत कमालीची सोपी आहे. पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७३ साली ती मांडली, तेव्हा वेळ ठरवून घ्यायची, हात थांबवायचा नाही, मागे वळून वाचायचे नाही, खोडायचे नाही आणि काहीच सुचले नाही तर 'काही सुचत नाही' हेच लिहीत राहायचे, एवढ्यावर त्यांनी काम भागवले. कागद आणि लेखणी यांपलीकडे काही लागत नाही. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत टाळाटाळीला वाव कसा राहणार? म्हणून सामग्री वाढवावी. जाड, पिवळसर कागदाची, शिवलेल्या बांधणीची वही घ्यावी; वही जितकी सुंदर, तितके तिच्यात काहीबाही खरडण्याचे धाडस कमी होते. (प्रस्तुत लेखकाकडे अशा नऊ वह्या आहेत. त्यांपैकी एकीचे पहिले पान वापरलेले असून त्यावर लेखकाचे नाव आहे.)

वेळेचेही तसेच. डोरोथिया ब्रँड या अमेरिकी लेखिकेने १९३४ साली असे सुचवले होते, की झोपेतून उठल्याबरोबर, कोणाशी बोलण्यापूर्वी आणि काहीही वाचण्यापूर्वी लिहायला बसावे. आपण या सल्ल्याचे निष्ठेने पालन करावे आणि त्यासाठी फोनवर गजर लावावा. गजर बंद करण्यासाठी फोन हातात घ्यावाच लागतो, घेतल्यावर रात्रीतून आलेले निरोप दिसतातच, आणि पाऊण तासाने मन इतरांच्या वाक्यांनी काठोकाठ भरले, की नियम मोडल्याचे प्रामाणिकपणे मान्य करून तो दिवस सोडून देता येतो.

इतके करूनही एखाद्या दिवशी आपण लिहायला बसलातच, तर मुख्य भिस्त तपासनिसावर ठेवावी. लिहिणारा आणि तपासणारा हे दोघे एकाच डोक्यात नांदतात, आणि दुसऱ्याला जाग येण्यापूर्वी पहिल्याने पान भरून टाकावे, हे या पद्धतीचे सारे इंगित आहे. तेव्हा दुसऱ्याला आधी उठवावे. या कामी मराठीने आपली जी सोय करून ठेवली आहे, तिचे ऋण मानावे तेवढे थोडेच. 'फूल' दीर्घ असताना 'फुलाला' ऱ्हस्व का होते, मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहायचा असताना 'आणि' व 'नि' यांनाच सूट का, असा एक प्रश्न मनात आला तरी दहापैकी चार मिनिटे सत्कारणी लागतात. शिवाय आळसामुळे नव्हे तर भाषाप्रेमामुळे थांबलो, ही भावना उरते. हाताने लिहीत असाल तर प्रत्येक शब्दावर शिरोरेखा निगुतीने ओढावी, म्हणजे हात आपोआप उचलला जातो. टंकलेखन करीत असाल तर 'अंधार' की 'काळोख' हा वाद कोशापर्यंत न्यावा. तेथे गेलेला माणूस दहा मिनिटांत परतल्याचे ऐकिवात नाही.

एवढ्यातून जी चार वाक्ये निसटून कागदावर येतील, ती त्याच संध्याकाळी वाचावीत. ज्यूलिया कॅमेरॉन या अमेरिकी लेखिकेने १९९२ साली रोज सकाळी हाताने तीन पाने लिहायला सांगितले, तेव्हा पहिले आठ आठवडे ती पाने लिहिणाऱ्यानेही वाचू नयेत, असे बजावले होते. यामागे लिहिणाऱ्याची उमेद टिकावी हा उद्देश आहे, आणि आपला उद्देश तो नाही. तेव्हा पान मोठ्याने वाचावे, आणि लगेच आपल्या आवडत्या लेखकाच्या पुस्तकातील एक पान वाचावे. त्या लेखकाची खाडाखोड, फाडलेले कागद आणि टाकून दिलेली सुरुवात आपण कधीच पाहिलेली नसते. त्यामुळे तुलनेचा निकाल हमखास लागतो.

आता दिवस मोजण्याविषयी. एकवीस दिवसांत सवय लागते, या लोकप्रिय समजुतीवर विसंबावे. तिचा उगम एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतो. चेहरा बदललेल्या रुग्णाला नव्या रूपाची सवय व्हायला किमान तितके दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. लेखनाचा आणि नाकाचा संबंध काय, असे विचारू नये. पुढे लंडनमधील संशोधकांनी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयी तपासल्या, तेव्हा साधारण ६६ दिवस लागतात आणि हा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो, असे दिसले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. ही शेवटची गोष्ट कटाक्षाने विसरावी. ती लक्षात राहिली तर खाडा पडल्यावरही दुसऱ्या दिवशी लिहायला बसावे लागते. याउलट साखळी तुटली की सर्व गेले, असे मानले, तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत निर्धास्त राहता येते. त्या मोकळ्या काळात आपला संकल्प चारचौघांना सांगावा. संकल्पाचे जे कौतुक होते, तितके लेखनाचे क्वचितच होते.

विषय मात्र कायम एकच ठेवावा: आज आपण पुन्हा लिहायला बसलो आहोत. 'आज पुन्हा लिहायला बसलो. बऱ्याच दिवसांनी. हात जड वाटतो.' या तीन वाक्यांवर माणूस वर्षानुवर्षे काढू शकतो, आणि आपल्या त्या अर्ध्या कथेतल्या बाईला आपण दारात उभी करून सोडले आहे, ती अजून आत आलेली नाही, याची आठवण व्हायचे कारण उरत नाही.

सर्वांत मोठा धोका आठव्या मिनिटाच्या आसपास असतो. 'काही सुचत नाही' हे वाक्य सहा-सात वेळा लिहून झालेले असते, तपासनीस कंटाळून डुलकी घेत असतो, शिरोरेखा राहून गेलेल्या असतात, आणि हात आपल्याला न विचारता पुढे लिहितो, 'काही सुचत नाही, कारण'. या 'कारण'पाशी फार जपावे. त्याच्यापुढे आपल्याला ठाऊक नसलेले काहीतरी येऊ घातलेले असते. बहुधा ती दारातली बाईच. अशा वेळी गजर वाजलेला नसला तरी तो वाजला असे समजावे, पेनाला टोपण लावावे आणि वही मिटून ताबडतोब उठावे.